डाव्या पायाला काम

ई-टाइप जग्वारचा गिअरबॉक्स काढायचा तर सुरुवात बॉनेटपासून करावी लागते. या गाडीचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. मडगार्ड, हेडलाइट, नाक, सगळं एकाच तुकड्यात. उचलायला धडधाकट माणसं लागतात आणि टेकवून ठेवायला मोकळी भिंत. मग रेडिएटर निघतो, होसपाइप सुटतात, वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधली जाते आणि शेवटी इंजिनाचा नंबर लागतो. गिअरबॉक्ससाठी इंजिन कशाला, असा प्रश्न नवख्याला पडतोच. बहुतेक गाड्यांचा गिअरबॉक्स खालून सुटतो. इथे तो दोन सीटांमधल्या बोगद्यात असा बसवलेला आहे की इंजिनासकट एकत्रच बाहेर काढावा लागतो. साधी क्लचप्लेट झिजली तरी हाच सोपस्कार. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली तेव्हा तिच्या रूपाने सगळे घायाळ झाले. पान्हे चालवणाऱ्यांचं मत कुणी विचारलं नसावं.

मी हे पाहत होतो ते इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीपासून फार लांब नसलेल्या एका शेडमध्ये. गाडी १९७२ची: ई-टाइपची तिसरी मालिका, टू-प्लस-टू, बारा सिलिंडर, ऑटोमॅटिक. मालक कोल्हापूरचे. वाहन उद्योगातल्या नोकरीच्या निमित्ताने इकडे आले आणि राहिले. २००८ साली टाटा मोटर्सने फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्यापासून पुणे आणि इंग्लंडचा हा मध्यभाग यांच्यात इंजिनिअरांची ये-जा सुरू झाली, त्यामुळे इथल्या किराणा दुकानात मराठी कानावर पडली तर आता कुणी वळून पाहत नाही. नाव छापू नका म्हणाले, म्हणून त्यांना कोल्हापूरकरच म्हणतो. शाळकरी वयात उद्यमनगरात काकांच्या लेथवर बसून पुल्या कातलेला हा माणूस. आता त्यांना गाडीतला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून तिथे हाताने टाकायचे गिअर बसवायचे होते.

“चालती गाडी आहे. काही बिघडलेलं नाही,” वहिनी चहाचे कप ठेवता ठेवता म्हणाल्या. शनिवारी भाजी आणायला त्या हीच गाडी न्यायच्या. बारा सिलिंडरची जग्वार आणि मागच्या सीटवर कोथिंबीर, या जोडीचं त्यांना काहीच वाटत नसे.

गाडी ऑटोमॅटिक का होती, याचं उत्तर गिऱ्हाइकात आहे. सुरुवातीची ई-टाइप दोन माणसांची, हाताच्या गिअरची. तिचा पहिला गिअरबॉक्स काही कौतुकाचा नव्हता. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, हालचाल जड, घाई केली की करकर. १९६४मध्ये ४.२ लिटरचं इंजिन आलं, तेव्हा जग्वारने स्वतःचा, चारही गिअरना सिंक्रोमेश असलेला बॉक्स दिला आणि ती तक्रार मिटली. पण तोवर ही गाडी घेणाऱ्यांची लग्नं झाली होती, मुलं झाली होती. म्हणून १९६६मध्ये टू-प्लस-टू निघाली. दोन चाकांमधलं अंतर नऊ इंचांनी वाढवलं, मागे मुलांपुरती सीट बसवली आणि पर्याय म्हणून बोर्ग-वॉर्नर कंपनीचा तीन गिअरांचा ऑटोमॅटिक देऊ केला. १९७१च्या मार्चमध्ये वॉल्टर हॅसन आणि हॅरी मंडी यांच्या हातून घडलेलं ५,३४३ सीसीचं बारा सिलिंडरी इंजिन आलं, तेव्हा उघडी आणि छपराची, दोन्ही रूपं त्याच लांब पायावर बांधली गेली. त्यामुळे आता उघड्या गाडीतही ऑटोमॅटिक मिळू लागला. सगळ्यात मोठी बाजारपेठ अमेरिका होती, आणि तिथे डावा पाय सिग्नलला सारखा वरखाली करण्यात कुणाला पुरुषार्थ वाटत नव्हता.

त्या अमेरिकेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. गिअर टाकताना दातांचा खडखडाट होऊ नये म्हणून सिंक्रोमेश शोधून काढला तो अर्ल थॉम्पसन या इंजिनिअराने. १९२८मध्ये कॅडिलॅकने तो पहिल्यांदा गाडीत बसवला. त्याआधी प्रत्येक चालकाला डबल क्लच मारावा लागे, जो आपल्याकडच्या ट्रकवाल्यांच्या अंगात कालपरवापर्यंत मुरलेला होता. याच थॉम्पसनने पुढे जनरल मोटर्समध्ये हायड्रामॅटिक घडवणाऱ्या तुकडीचं नेतृत्व केलं. १९४०च्या ओल्ड्समोबिलमध्ये आलेला तो पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. म्हणजे ज्याने हाताचे गिअर टाकणं सोपं केलं, त्यानेच ते टाकण्याची गरजही संपवली.

जग्वारच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये असतो टॉर्क कन्व्हर्टर. त्याची मूळ कल्पना जर्मनीच्या हर्मान फ्योटिंगर यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आणि जहाजांसाठी केलेली. तेलाने भरलेल्या बंद भांड्यात समोरासमोर पाती. इंजिनाकडची पाती तेल फेकतात, त्या माऱ्याने गिअरकडची पाती फिरतात, आणि मधली तिसरी पाती परतणाऱ्या तेलाला वळण देऊन जोर वाढवतात. गाडी उभी असताना तेल नुसतं घुसळत राहतं, म्हणून इंजिन बंद पडत नाही. क्लच लागत नाही तो यामुळे. त्याची किंमत म्हणजे थोडी घसरण. पाय दाबला आणि गाडी निघाली यांच्या मधे एक सैलसर क्षण असतो. बारा सिलिंडरचं मऊ इंजिन आणि ही सैल जोडणी एकत्र आली की गाडी आलिशान वाटते. झेपावणारी वाटत नाही.

“मला तो मधला क्षण नको होता,” कोल्हापूरकर म्हणाले. “मी सांगेन तेव्हा, मी सांगेन त्या गिअरात. बस.”

इथे पुण्या-मुंबईतल्या वाचकाने हसावं. आपण उलट्या दिशेने निघालो आहोत. २०१४मध्ये मारुतीने सेलेरिओमध्ये एएमटी आणली. गिअरबॉक्स साधाच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं यंत्राच्या हाती. चांदणी चौकात गुडघा धरलेल्या माणसाने त्यासाठी आनंदाने जास्तीचे पैसे मोजले. ती यंत्रणा मॅग्नेटी मारेल्ली या इटालियन कंपनीची. हीच कंपनी फेरारीलाही पुरवत होती. १९९७च्या फेरारी ३५५ एफ-वनमध्ये स्टिअरिंगमागच्या पात्यांनी गिअर बदलायची जी सोय आली, तिचं तत्त्व हेच. आता गंमत पाहा. तशा पात्यांच्या फेरारी घेतलेले काही श्रीमंत आज ती यंत्रणा उतरवून, मधे उघड्या खाचांची धातूची प्लेट आणि गोल मुठीचा दांडा बसवून घेत आहेत. कारण मूळचा दांडा असलेल्या फेरारी बाजारात कितीतरी महाग झाल्या. सेलेरिओवाल्याला ज्यातून सुटका हवी होती, ते फेरारीवाला पैसे देऊन परत आणतो आहे. वेगाचं कारण आता उरलेलं नाही; आजचे स्वयंचलित गिअरबॉक्स कुठल्याही माणसापेक्षा झटपट गिअर बदलतात. ज्याला रोज क्लच दाबावा लागत नाही, त्यालाच क्लचची हौस परवडते. मला हे थोडं चैनीचं वाटतं, आणि तरीही त्या शेडमध्ये उभा असताना मला कोल्हापूरकरांचा हेवा वाटत होता.

तर काम.

बारा सिलिंडरचं हे ॲल्युमिनियमचं इंजिन एकटंच तीनशे किलोच्या आसपास भरतं, त्याला गिअरबॉक्स लटकलेला. साखळीच्या कप्पीवर ते तिरकं होऊन पुढे सरकत वर येतं तेव्हा शेडमध्ये कुणी बोलत नाही. जमिनीवर आल्यावर दोघांची फारकत होते. ऑटोमॅटिकच्या इंजिनाला मागे जड फ्लायव्हील नसतं. एक पातळ लवचीक प्लेट असते, तिला कन्व्हर्टर बोल्टने जोडलेला, आणि तेलाने भरलेला कन्व्हर्टरच फ्लायव्हीलचं वजन भरून काढतो. हे सगळं उतरवून तिथे खरं फ्लायव्हील येतं. ते बॅलन्सिंग मशीनवर फिरवून पाहायलाच हवं. चार सिलिंडरच्या खडबडीत इंजिनात थोडी थरथर खपून जाते. इथे डॅशबोर्डवर नाणं उभं राहावं अशी अपेक्षा असते. फ्लायव्हीलच्या कडेला स्टार्टरचे दात, तेही स्टार्टरशी जुळणारे हवेत.

मग क्रँकशाफ्टच्या टोकाचं भोक. नव्या गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट तिथे एका छोट्या बुशमध्ये टेकतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी कन्व्हर्टरचं नाक बसलेलं असतं, त्यामुळे बुश नसतोच. कुठल्या गाडीत भोक तयार मिळतं, कुठे मापाचं अडॅप्टर करावं लागतं. कोल्हापूरकरांनी बुश स्वतः कातला. बाजारात मिळाला नसता असं नाही. “लेथ समोर असताना विकत आणायचा म्हंजे जरा लाजच वाटते की ओ,” असं म्हणून त्यांनी मायक्रोमीटर उचलला आणि पुढचा बराच वेळ माझ्याकडे पाहिलं नाही.

गिअरबॉक्स कोणता घ्यायचा, यावर या मंडळींत दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, त्या काळी जग्वारने स्वतः याच इंजिनामागे चार गिअरांचा जो बॉक्स दिला, तोच जुना शोधून आणा. गाडी कारखान्यातून आली असती तशीच होईल. दुसरा पंथ पाच गिअरांचा. हमरस्त्यावर पाचवा टाकला की इंजिनाचे फेरे उतरतात, आवाज उतरतो, पेट्रोल थोडं कमी जळतं. गेल्या काही वर्षांत खुद्द जग्वारच्या क्लासिक विभागाने सहा सिलिंडरच्या ई-टाइपसाठी नवा पाच गिअरांचा बॉक्स आणला, तेव्हा शुद्धतावाद्यांची थोडी पंचाईतच झाली. कोल्हापूरकरांनी पाच गिअरांचा घेतला, टी-५ नावाच्या अमेरिकन बॉक्सच्या कुळातला. तो टी-५ मुळात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला घडवला बोर्ग-वॉर्नरनेच. पुढे १९९६मध्ये ती शाखा ट्रेमेककडे गेली. म्हणजे बाहेर गेला तो बोर्ग-वॉर्नर आणि आत आला तोही त्याच घराण्याचा.

बाकीची कामं किरकोळ वाटतात आणि वेळ तीच खातात. ऑटोमॅटिकच्या पेडलपेटीत एकच ब्रेक. ती उतरवून दोन पेडलांची पेटी बसवायची, क्लचचा मास्टर सिलिंडर लावायचा, तिथून खाली गिअरबॉक्सपर्यंत पाइप न्यायचा, तोही एग्झॉस्टच्या उष्णतेपासून लांब. नाहीतर तेल उकळून क्लच पोकळ होतो. गिअरबॉक्सचं तेल थंड करायला रेडिएटरकडे जाणारे पाइप आता नकोत, त्यांची तोंडं बंद करायची. बोगद्याच्या वर दांड्यासाठी योग्य जागी भोक. प्रोपेलर शाफ्ट मोजून नव्या लांबीचा करून घ्यायचा आणि तोही बॅलन्स करायचा. स्पीडोमीटरला गती देणारा छोटा गिअर बदलला नाही तर काटा थापा मारतो. आणि ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्ट होऊ नये म्हणून जो स्विच असतो, त्याची वायर जोडायला विसरलं तर सगळं काम फत्ते झाल्यावर चावी फिरवून नुसती शांतता मिळते. तीनशे किलोचं इंजिन बसवून झाल्यावरचा तो घाम या धंद्यातल्या बहुतेकांनी एकदा तरी गाळलेला असतो.

क्लचबद्दल जुन्या जग्वारचा एक खाक्या लक्षात ठेवण्यासारखा. तिच्या मूळ रिलीज बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात, ग्राफाइटची कडी असते. पेडल दाबलं की ती घासत फिरते. म्हणून सिग्नलला क्लच दाबून बसायचं नाही, न्यूट्रल करायचं. आपल्याकडे घाटात डावा पाय पेडलवर टेकवून ठेवायची जी सवय सर्रास दिसते, ती या गाडीत घेऊन आलात तर पुन्हा बॉनेट, पुन्हा रेडिएटर, पुन्हा इंजिन.

आता कागदाचा भाग. ई-टाइप ऑटोमॅटिक असेल तर तिच्या चासी नंबराच्या शेवटी ‘बीडब्ल्यू’ ही दोन अक्षरं ठोकलेली असतात, बोर्ग-वॉर्नरची. गिअरबॉक्स बदलता येतो, ती अक्षरं नाही. शिवाय गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये बसणारा जग्वारचा वारसा जपणारा ट्रस्ट कारखान्याच्या नोंदीवरून दाखला देतो. त्यात चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांचे मूळ नंबर लिहिलेले असतात. एखादा विक्रेता ‘मूळची मॅन्युअल’ म्हणून गाडी खपवायला निघाला तर जाणता गिऱ्हाईक आधी ती पाटी वाचतो. माझ्या मते इथेच सगळा सभ्यपणा आहे. बदल करण्यात खोट नाही. तो लपवण्यात आहे. कोल्हापूरकरांनी काढलेला ऑटोमॅटिक ग्रीस लावून, ताडपत्रीत गुंडाळून मागच्या कोपऱ्यात ठेवला आहे, कन्व्हर्टरसकट. विकला तर पैसे फारसे यायचे नाहीत, आणि पुढच्या मालकाला गाडी पूर्ववत करायची असेल तर तो कुठून आणेल? गाडीत भोक सोडून कायमचं असं काही त्यांनी केलेलं नाही.

ब्रिटिश सरकारला या बदलाचं फारसं सोयरसुतक नाही. मोठे फेरफार केलेल्या गाडीने आपला जुना नोंदणी क्रमांक राखायचा तर २०२५पर्यंत तिथे गुणांची पद्धत होती. मूळ चासी किंवा बॉडी असेल तर पाच गुण, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, ट्रान्समिशन, स्टिअरिंग यांचे प्रत्येकी दोन, इंजिनाचा एक. आठ मिळाले की पास. नुसता गिअरबॉक्स बदलला तर चौदापैकी बारा उरत. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलात फेरफार करायला मनाई करतं आणि आरटीओच्या खिडकीवर ते कलम तोंडपाठ असतं. २०२१च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांत पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी मिळाली, पण गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा, अशी अट घालूनच. त्या यादीत गिअरबॉक्सचं नाव नाही. यावरून वकील किती तास बोलू शकतील, याचा अंदाज वाचकाने बांधावा.

गाडी रस्त्यावर आली तेव्हा मी शेजारच्या सीटवर होतो. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेऊन कोल्हापूरकरांनी पाय दाबला आणि इंजिनाने जो स्वर लावला, तो ऑटोमॅटिकमध्ये कधीच ऐकू आला नसता. तिथे तो वर चढायच्या आतच पुढचा गिअर पडलेला असायचा. इंजिन तेच, गाडी हातात आलेली. पण सगळ्याच गाड्यांना हे शोभतं असं नाही. त्यांच्याकडे दुसरी जग्वार आहे, ऐंशीच्या दशकातली एक्सजे-एस. हेच बारा सिलिंडर, पण जड, मऊ, लांबच्या प्रवासाची. १९७५मध्ये ती आली तेव्हा हाताच्या गिअरचा पर्याय होता. चार वर्षांत तो बंद झाला, तेवढ्यात जेमतेम साडेतीनशे गाड्या तशा विकल्या गेल्या. गिऱ्हाइकांनी तेव्हाच कौल दिला होता. १९७७पासून तिला जनरल मोटर्सचा जो ४०० नावाचा ऑटोमॅटिक लागला, तोच त्या काळी रोल्स-रॉइसमध्ये होता, आणि फेरारीने १९७६मध्ये आपली पहिली ऑटोमॅटिक गाडी काढली तेव्हा तिच्यातही तोच. १९८१नंतरच्या एक्सजे-एसचा मागचा गिअर इतका लांब आहे की वरच्या गिअरात इंजिनाच्या हजार फेऱ्यांना गाडी त्रेचाळीस किलोमीटरचा वेग धरते. अशा गाडीला पाचवा गिअर देऊन करायचं काय? लोक देतात. मी दिला नसता. कोल्हापूरकरही देणार नाहीत, पण त्यांचं कारण वेगळं आहे.

वहिनी भारतातल्या लायसन्सवर इथे आल्या. ते इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच चालतं, नंतर ब्रिटिश परीक्षा द्यावीच लागते. त्यांनी ती ऑटोमॅटिक गाडीवर दिली आणि पहिल्या फटक्यात पास झाल्या. ऑटोमॅटिकवर मिळालेल्या लायसन्सवर क्लचची गाडी चालवायला इथे कायद्याने बंदी आहे. हे कोल्हापूरकरांच्या डोक्यात आलं ते ई-टाइप बाहेर उभी राहिल्यावर, वहिनी पिशवी घेऊन दारात आल्या तेव्हा.

“साताऱ्याच्या घाटात मी लुना चालवलीय, भाऊंची प्रीमियर पद्मिनी चालवलीय, स्टिअरिंगवरच्या गिअरची,” त्या मला म्हणाल्या. “आणि आता माझ्याच दारातली गाडी मला चालवता येत नाही. यांनी मला विचारलं होतं का?”

“अगं, परीक्षा देऊन टाक की पुन्हा,” कोल्हापूरकर म्हणाले.

“मी देते. तोवर एक्सजे-एसच्या किल्ल्या माझ्याकडे राहतील. आणि तिला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.” किल्ल्या पिशवीत टाकून त्या भाजीला निघून गेल्या.